पाचवीपर्यंत थांबायचं कशाला?

अंगणवाड्यांच्या योजनेने 2 ऑक्टोबर 2025 ला पन्नाशी गाठली. त्यावर लिहून-बोलून होतंय, तोवर मोबाइलवर तीन वर्षांचं लेकरू घडाघडा राजधान्या म्हणतं आणि खाली 'जीनियस'चा पाऊस पडतो. कौतुक करा, पण पाठांतर म्हणजे हुशारी नव्हे.

हुशारी बघायची तर पाचोडला या. पैठण तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे मोसंबीच्या बाजाराचं गाव. ढिगाकडेला चार वर्षांची पोर पडलेली मोसंबी लहानापासून मोठ्यापर्यंत मांडत बसते. हातात नवं फळ दिलं, की दोन फळं सरकवून ते नेमक्या जागी बसवते. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मांडणीनुसार हे सफाईने जमायला सातवं वर्ष उजाडतं. आईचं म्हणणं मात्र, 'नुसती खेळती दिवसभर.'

अशा पोरीसाठी खास शाळा? पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने 1962 पासून बुद्धिमान मुलांचं काम उभं केलं, पण तिची प्रशाला पाचवीपासून. तोवर आमच्या या बाईसाहेब कुठे असतील? दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले, तर कदाचित फडावर.

मला म्हणूनच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ जवळच्या वाटतात. 1945 मध्ये बोर्डीत त्यांनी बालशिक्षणाचं काम मांडलं, 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉण्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हेच साहित्य झालं. वारली मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. हुशार कोण, हे ठरवायला चाचणी लागली नाही. हातात वस्तू, भरपूर वेळ आणि बघणारी एक बाई, एवढ्यावर ते कळतं.

आज अडतंय ते या बघणाऱ्या बाईपाशी. अंगणवाडीची सेविकाताई वजन-उंची घेणार, आहार वाटणार, पोषण ट्रॅकरवर नोंदी भरणार आणि उरल्या वेळात शिकवणार. 'पोषण भी पढाई भी'ची सरकारी घोषणा छान आहे, पण त्यातली पढाई तिच्या शिल्लक तासावर उभी आहे.

घरचं काय? पाचोडच्याच आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाअखेरीस गावोगावच्या किशोरींसाठी रोज संध्याकाळी तासभराचे जीवनकौशल्य वर्ग चालवले. त्या भागातलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय 16 वरून 17 वर गेलं. वर्षभराचाच फरक, पण लेकराच्या 'का?'ला धपाटा न घालता उत्तर देणारी आई अशीच घडत जाते, असं माझं मत.

आणि एक विनंती. पोर चुणचुणीत दिसली की जन्मतारीख इकडेतिकडे करून तिला पहिलीत ढकलू नका. नव्या शिक्षण धोरणात पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत, ते बरंच आहे. त्यापेक्षा तिला विचारा, 'आता आकार नको, वजनाने लाव बरं.' तराजू बाजारातलाच घ्या.