विमानातले पांघरूण कोणाचे?

३५,००० फुटांवर बाहेरचे तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. आतली हवा उबदार राखली तरी खिडकीलगत गारठा जाणवतोच. म्हणून लांबच्या उड्डाणात पातळ पांघरूण मिळते. ते विमान कंपनीचेच. प्रवासी उतरले की गोळा होऊन धुलाईला जाते. डोळ्यांवरची पट्टी, मोजे, टूथब्रश असलेला छोटा बटवा मात्र खुशाल न्यावा. हेडफोन बहुधा परत द्यायचे असतात. व्हर्जिन अटलांटिकच्या मीठ-मिरीच्या चिमुकल्या विमानाकृती डब्या प्रवासी इतक्या पळवू लागले, की कंपनीने त्यांच्या तळाशी ‘व्हर्जिन अटलांटिकमधून ढापलेली’ अशा अर्थाची ओळच टाकली. अशी दिलदारी विरळाच. आसनाखालचे लाइफ जॅकेट आठवण म्हणून उचलणे ही मात्र सरळ चोरी आहे, शिवाय त्या आसनावरच्या पुढच्या प्रवाशाच्या जिवाशी खेळ.