अडकलेली गोळी : ब्लॅकबेरीच्या ट्रॅकबॉलची रचना आणि दुरुस्ती

स्पर्शाने चालणारा पडदा सर्रास रूढ होण्यापूर्वी मोबाइल फोनच्या पडद्यावर वर-खाली आणि डावी-उजवीकडे जाण्याचे काम एखाद्या हलत्या यांत्रिक भागावर सोपवलेले असे. नोकिया 7650 (2002) आणि सोनी एरिक्सन के750आय (2005) या फोनांत त्यासाठी छोटी जॉयस्टिक होती, इतर अनेक फोनांत चार दिशांची कळ होती, तर रिसर्च इन मोशन या कॅनडातील कंपनीने 2006 पासून आपल्या ब्लॅकबेरी फोनांत ट्रॅकबॉल, म्हणजे जागच्या जागी फिरणारी गोळी, बसवली. हे सगळे भाग उघड्यावर असत आणि दिवसातून शेकडो वेळा बोटाखाली येत, त्यामुळे ते मळणे अटळ होते. मळलेला भाग पुन्हा चालता करता येईल की नाही, हे मात्र त्याच्या रचनेवर अवलंबून असे आणि या कसोटीवर ब्लॅकबेरीचा ट्रॅकबॉल विशेष अभ्यासण्याजोगा ठरतो.

ट्रॅकबॉलची मूळ कल्पना मोबाइल फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे. ब्रिटिश नौदलासाठी काम करणारे राल्फ बेंजामिन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच रडारच्या पडद्यावरील खूण हलवण्यासाठी फिरत्या गोळ्याचे साधन योजले होते. पुढे 1952 च्या सुमारास फेरांटी कॅनडा या कंपनीतील टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केन्यन टेलर यांनी कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ या प्रकल्पासाठी असेच साधन घडवले आणि त्यात चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला. सुमारे अर्ध्या शतकानंतर त्याच देशातील, ऑन्टारिओ प्रांताच्या वॉटर्लू शहरातील कंपनीने हीच कल्पना काही मिलिमीटर व्यासाच्या गोळीत उतरवली.

माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी 1984 मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या आरंभीच्या ब्लॅकबेरी यंत्रांना उजव्या कडेला अंगठ्याने फिरवण्याचे चाक असे. ईमेलची यादी वर-खाली सरकवण्यास ते पुरेसे होते. परंतु रंगीत पडदा, वेबपाने आणि नकाशे आल्यावर आडवी हालचालही आवश्यक झाली आणि एकाच दिशारेषेत फिरणारे चाक अपुरे पडू लागले. सप्टेंबर 2006 मध्ये आलेल्या ‘पर्ल 8100’ या फोनात चाकाऐवजी पुढच्या बाजूला मधोमध पांढरट, अर्धपारदर्शक गोळी आली, आणि 2007 मधील ‘8800’ व ‘कर्व्ह 8300’, तसेच 2008 मधील ‘बोल्ड 9000’ या फोनांत तीच पद्धत कायम राहिली. अँड्रॉइडवर चालणारा बाजारातील पहिला फोन, 2008 मधील ‘एचटीसी ड्रीम’, यालाही ट्रॅकबॉलच होता.

या भागाची रचना समजून घेतली की त्याचे दोषही समजतात आणि उपायही. गोळी एका चौकोनी चौकटीत बसवलेली असते आणि तिच्या चार बाजूंना चार बारीक रोलर, म्हणजे आपल्या आसाभोवती मोकळेपणाने फिरणाऱ्या काड्या, असतात. गोळीला जागेवर किंचित ढिलाई ठेवलेली असल्यामुळे बोटाने ती ज्या दिशेला लोटली जाते, त्या बाजूच्या रोलरवर तिचा दाब पडतो आणि घर्षणाने तो रोलर फिरू लागतो. प्रत्येक रोलरच्या एका टोकाला इवलेसे दंडगोल लोहचुंबक असते आणि रोलरबरोबर तेही फिरत असल्याने खालच्या बाजूला त्याचे उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने येत राहतात. फोनच्या मुद्रित पाटीवर, म्हणजे ज्या पाटीवर सर्व इलेक्ट्रॉनिक घटक जडवलेले असतात तिच्यावर, या लोहचुंबकांच्या नेमके खाली चार हॉल संवेदक असतात. वीजप्रवाह वाहणाऱ्या वाहकावर आडवे चुंबकीय क्षेत्र पडले असता त्याच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो, हा परिणाम अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधला. त्यावर चालणारा हा संवेदक ध्रुव पालटला की एक संकेत देतो आणि अशा संकेतांची मोजणी करून फोनचा प्रोसेसर पडद्यावरील खूण तितकी पुढे नेतो. गोळी दाबल्यावर येणारा ‘टक्’ असा आवाज मात्र रोलरांचा नसतो. तो गोळीच्या खाली पाटीवर बसवलेल्या डोमचा, म्हणजे दाबल्यावर आत जाऊन पुन्हा वर येणाऱ्या पातळ धातूच्या घुमटीचा असतो.

या मांडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की गोळी, रोलर आणि चौकट मिळून होणाऱ्या मॉड्यूलचा, म्हणजे एकसंध सुट्या भागाचा, फोनशी एकाही तारेने संबंध येत नाही. हालचालीची वार्ता चुंबकीय क्षेत्रातून खाली पोहोचते आणि दाब डोमपर्यंत केवळ यांत्रिक रीतीने पोहोचतो, त्यामुळे डाग न देता, म्हणजे सोल्डरिंग न करता, मॉड्यूल उचलून बाहेर काढता येते आणि फोनच्या इलेक्ट्रॉनिक भागाला धक्का न लावता स्वतंत्रपणे धुता येते.

ट्रॅकबॉल अडकण्याचे कारण बहुधा मोडतोड नसून मळ हे असते. बोटाचे तेल, घाम, त्वचेचे सुटलेले कण, हाताला लावलेले क्रीम आणि खिशातील कापडाचे तंतू गोळीबरोबर आत ओढले जातात आणि रोलरच्या मधल्या भागावर त्यांचा घट्ट पट्टा तयार होतो. पट्टा तेलकट असेल तर गोळी रोलरवरून नुसती घसरते. एखादा केस आसाभोवती गुंडाळला गेला असेल तर रोलर फिरतच नाही. दिशेगणिक रोलर वेगळा असल्याने दोषही बहुतेकदा एकाच दिशेचा असतो : खाली, डावीकडे आणि उजवीकडे खूण व्यवस्थित सरकते, परंतु वर जात नाही. अशा वेळी दोष वरच्या बाजूच्या रोलरमध्ये शोधावा लागतो. चारही दिशा चालतात पण निवड होत नाही, असे असेल तर डोम तपासावा लागतो. आणि दुसरे चांगले मॉड्यूल बसवूनही एखादी दिशा बंदच राहिली, तर दोष संवेदकात किंवा पाटीत आहे, असे मानावे लागते.

मळ नुकताच साचू लागला असेल तर फोन न उघडता करण्याचा उपाय पुरतो. फोन बंद करून, पालथा धरून गोळी स्वच्छ कोऱ्या कागदावर चारही दिशांना जोराने फिरवली असता तेलाचा बराचसा अंश कागद शोषून घेतो. कागदाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, म्हणजे कारागीर ज्याला थोडक्यात ‘आयपीए’ म्हणतात त्या चटकन उडून जाणाऱ्या द्रावणाचा, हलका ओलावा दिला तर परिणाम अधिक चांगला होतो. यानेही गोळी मोकळी झाली नाही, तर मॉड्यूल बाहेर काढणे भाग पडते. कर्व्ह 8300 सारख्या फोनात गोळीभोवतीची प्लास्टिकची रिंग पातळ पात्याने हळूच उचकटली की मॉड्यूल हाती येते, तर काही मॉडेलांत त्यासाठी पुढचे आवरणही उघडावे लागते. बॅटरी आधी काढून ठेवणे हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू होतो.

खरे कौशल्य लागते ते यापुढे. चौकटीचे धातूचे पत्रे सैल केल्यावर गोळी निघते आणि चारही रोलर उघडे पडतात. लोखंडी चिमटा वापरला तर रोलरचे लोहचुंबक त्यालाच चिकटते, किंवा दोन रोलर एकमेकांना खेचून जागेवरून उडतात, म्हणून चुंबकाने न ओढला जाणारा चिमटा हवा. प्रत्येक रोलरचे लोहचुंबकाचे टोक कोणत्या कोपऱ्यात होते, हे आधीच पाहून ठेवावे लागते, कारण रोलर उलटा बसला तर तो उत्तम फिरतो, पण त्याचे लोहचुंबक संवेदकावर येत नाही आणि ती दिशा मुकी होते. मळाचा पट्टा आयपीएने मऊ करून तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसायचा असतो. तो नखाने वा पात्याने खरवडल्यास रोलरवर ओरखडे उठतात आणि तेथे नवा मळ लवकर धरतो. थिनर किंवा अॅसिटोन यांनी प्लास्टिकची गोळी धुरकट होते. सर्वांत घातक ठरते ते अडकलेल्या भागाला तेल देण्याची नेहमीची सवय, कारण येथे गती घर्षणानेच रोलरपर्यंत पोहोचते आणि तेलाने नेमके तेच घर्षण नाहीसे होते.

भारतात ब्लॅकबेरी सेवा एअरटेलने 2004 मध्ये सुरू केली आणि पुढील काही वर्षांत हा फोन कंपन्यांच्या कचेऱ्यांत तसेच तरुण वर्गातही दिसू लागला. ‘बॉल जाम झालाय’ ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानांना सवयीची झाली. सुटे मॉड्यूल स्वस्त आणि सहज मिळणारे असल्यामुळे पुष्कळदा जुने धूत बसण्यापेक्षा नवे बसवणे कारागिराला परवडत असे. रिंग वारंवार काढल्याने तिच्या पकडी झिजत, म्हणून नव्या मॉड्यूलबरोबर नवी रिंगही घालावी लागे.

कंपनीने स्वतः या दोषावर काढलेला तोडगा वेगळा होता. 2009 मधील ‘कर्व्ह 8520’ आणि ‘बोल्ड 9700’ या फोनांत गोळी जाऊन ऑप्टिकल ट्रॅकपॅड आला, ज्यात लहानशा काचेखालून अवरक्त प्रकाश बोटावर पडतो आणि संवेदक लागोपाठच्या प्रतिमा ताडून बोट कोणत्या दिशेला सरकले ते ठरवतो. फिरणारा भागच नसल्यामुळे मळाने अडण्याचा प्रश्न मिटला, हे निःसंशय मोठे सुधारणेचे पाऊल होते. परंतु तो बिघडलाच तर धुऊन-पुसून चालू करण्याजोगे त्यात काही उरले नाही आणि दुरुस्ती म्हणजे अख्खा घटक बदलणे, असे समीकरण झाले. ट्रॅकबॉल वारंवार बिघडे, पण त्याचा बिघाड डोळ्यांना दिसे आणि हाताने दूर होई. ट्रॅकपॅड क्वचित बिघडे, पण त्याचा बिघाड साध्या हत्यारांच्या आवाक्याबाहेर गेला.

अशी दुरुस्ती कुठवर उपयोगी पडते, याची मर्यादाही या फोनाने दाखवून दिली आहे. 4 जानेवारी 2022 रोजी कंपनीने ब्लॅकबेरी ओएस 7.1 आणि त्याआधीच्या प्रणालींसाठीच्या सेवा बंद केल्या आणि त्यानंतर या फोनांवरून कॉल, एसएमएस आणि डेटा भरवशाने चालण्याची हमी राहिली नाही. थोडे आयपीए आणि योग्य चिमटा यांच्या साहाय्याने 2006 मधील पर्लची गोळी आजही पूर्ववत फिरू शकते. मात्र ती फिरवून ज्या सेवांपर्यंत पोहोचायचे, त्यांची किल्ली फोनधारकाच्या किंवा कारागिराच्या हाती कधीच नव्हती.