ताबा आणि तगमग

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालेली गाडी होटगी जंक्शनात पोचली की मार्गाला फाटा फुटतो. एक मार्ग वाडीवरून पुढे चेन्नईकडे जातो, दुसरा विजापूरला, म्हणजे आजच्या विजयपूरला. चित्रकलेचा विषय निघाला की आपण थेट मुंबईचं जे. जे. स्कूल गाठतो, होटगीचं नाव कोणी घेत नाही. पण या जंक्शनाच्या एका बाजूला आदिलशाहीतले चित्रकार होऊन गेले, दुसऱ्या बाजूला चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचं जन्मगाव पंढरपूर आहे, आणि उशाला सोलापूर, जिथे संक्रांतीच्या यात्रेत रस्तेच रांगोळीने भरतात. चित्रात मन मोकळं करायचं की हात आवरायचा, हा जुना प्रश्न. या टापूत आणि एकूणच महाराष्ट्रात तो ज्यांनी सोडवला, त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. फक्त ताबा कुठे ठेवायचा, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं.

प्रमाणापाठोपाठ भाव

कामसूत्रावरच्या ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगं दिली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. त्यात प्रमाण आणि भाव शेजारी-शेजारी बसतात, आणि माप आधी येतं.

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) हा रसांच्या नादी लागलेला राजा. त्याने दखनीत ‘किताब-ए-नौरस’ नावाचा गीतसंग्रह रचला, नौरसपूर नावाचं नगर वसवायला घेतलं, आपल्या लाडक्या तंबुऱ्याला ‘मोतीखान’ असं नाव दिलं. त्याच्या पदरच्या फारुख हुसेनने तंबुरा वाजवणारा इब्राहिम रंगवला. ते चित्र आज प्रागच्या संग्रहालयात आहे. लघुचित्र म्हणजे केसाएवढ्या बारीक कुंचल्याचं, रंगावर रंग चढवत आणि कागद घोटत नेण्याचं काम. त्यात आवेगाला वाव नाही असं वाटतं. तरी गाण्यात हरवलेला राजा दाखवायला दरबाराने हीच संथ रीत निवडली. इथे ताबा मापात आहे.

ठिपक्यांचा आधार

सोलापूरच्या संक्रांतीच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि त्यांच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या पडतात. या भागातल्या मराठी-कानडी घरांच्या दारातही रोज सकाळी ठिपके पडतात. चिमटीतून सुटलेली पूड माघारी घेता येत नाही, म्हणून हात सावध राहतो. आणि कुठून कुठे जायचं हे ठिपक्यांनी आधीच ठरवलेलं असल्यामुळे मन मात्र मोकळं असतं.

हा अनुभव प्रयोगातही तपासला गेला आहे. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ साली अमेरिकेतल्या ८४ विद्यार्थ्यांच्या मनात आधी चिंता जागवली. मग काहींना मंडल रंगवायला दिलं, काहींना चौकटीची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. अस्वस्थ माणसापुढे कोरा कागद ठेवून ‘काय हवं ते काढ’ म्हणणं दरवेळी उपकाराचं नसतं, एवढं त्यावरून नक्की म्हणता येईल.

चार पेपर

महाराष्ट्रात रेषेशी बहुतेकांची गाठ पडते ती कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. यातले स्मरणचित्र सोडून बाकीचे पेपर डोळ्याला आणि हाताला वळण लावतात. भावनेसाठी दार उघडं आहे ते फक्त स्मरणचित्रात. तिथेच आपण घोळ घालतो. बाजार, बसथांबा, विहिरीवरच्या बायका यांच्या ठरावीक आकृत्या क्लासात पाठ करून घेतल्या जातात. होटगीच्या मुलाने फलाटावरून सरकणारी मालगाडी पाहिलेली असते, सिमेंटचा कारखाना पाहिलेला असतो, मठात लोटणारी गर्दी पाहिलेली असते. त्याच्या कागदावर मात्र कुठल्याही गावचा बाजार उतरतो. हाताला वळण आलं, पण आठवण दुसऱ्याची राहिली.

वेग आणि मोकळी सोडलेली जागा

मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. ते दीड वर्षांचे असताना आई गेली, आणि तिचा फोटोही मागे राहिला नाही. पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवताना चौकटी आखून चेहरे अवाढव्य करायची सवय त्यांच्या हाताला लागली. तिथून रेषेला झपाटा आला. हा झपाटा पुढे कधीकधी नुसती लकबही झाला. त्यांचे सगळेच घोडे सारख्या ताकदीने धावत नाहीत. पण मदर तेरेसांच्या मालिकेत निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीच्या आत चेहऱ्याची जागा रिकामी राहते. आईचा चेहरा आठवत नाही, हे दुःख त्यांनी स्वतः या रिकामेपणाशी जोडलं होतं. चेहऱ्यांवर ज्याने पोट भरलं, त्याने इथे चेहरा काढायचा नाही असं ठरवलं.

थांबणं, मांडणं, दूर उभं राहणं

नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे दुसऱ्या टोकाला. वर्षाकाठी मोजकीच चित्रं, रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले आणि खरवडलेले थर, आणि त्याआधी नुसतं बसून राहणं. झेन विचाराचा आणि निसर्गदत्त महाराजांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास थांबले, तेव्हा ते कागदावर शाईने लहान रेखाटनं करू लागले. त्यांच्या चित्रात कोणी हसत-रडत नाही, तरी माणूस चित्रासमोर गप्प होतो.

प्रभाकर बरवे (१९३६ ते १९९५) यांनी विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी केली. चादरीच्या सोलापूरकरांना हे सांगायला नको की विणकामात नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरते. बरव्यांच्या कॅनव्हासवर पान, घड्याळ, सफरचंद अशा साध्या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असतात, आणि ते अंतरच हुरहुर लावतं. १९९० च्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये त्यांनी हा विचार मराठीत मांडला.

चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात तीस वर्षं रेडिऑलॉजिस्ट होते. एक्स-रेकडे बघणाऱ्याला कळवळून चालत नाही. तीच नजर त्यांनी इराणी हॉटेलातल्या माणसावर, लोअर परळच्या गिरणगावावर ठेवली. त्यांची करुणा या दुरून बघण्यामुळेच खरी वाटते.

वारली लग्नचित्राच्या चौकातही हेच दिसतं. लग्नाचा आनंद तिथे त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि तांदळाच्या पिठात मावतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तो कागदावर आणला तेव्हाही आकारांची शिस्त सोडली नाही.

शिकवायचं काय?

माप, वेग, थांबणं, मोकळी जागा, अंतर: ताब्याच्या या सगळ्या तऱ्हा शिकवता येतात, सरावाने अंगी बाणतात. तगमग शिकवता येत नाही. ती ज्याची त्याने आणायची असते. म्हणून मुलाच्या स्मरणचित्राला गुण देताना आकृत्या सुबक आहेत का, याच्याआधी एक प्रश्न विचारावा: हे त्याने स्वतः पाहिलंय का? उत्तर ‘हो’ असेल तर वाकडी मालगाडीही चालेल; ती सरळ करायला पुढे वेळ मिळतो. उसनी आठवण मात्र कितीही घोटली तरी स्वतःची होत नाही.