कोठडीपासून कारागृहापर्यंत – भाग 9 : जामीन मंजूर, माणूस आतच

विसापूरच्या कारागृहावर या वेळी लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या काष्टीच्या एका वाचकाचा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मिळाली की जामिनाचा मार्ग मोकळा होतो, असं मी गेल्या भागात लिहिलं. ते विचारतात, आमच्या वस्तीलगतच्या पालावरच्या पारधी पोराला जामीन मंजूर झाला, तरी त्याची दिवाळी आतच गेली. हे कसं?

उत्तर बहुधा हुकमाच्या शेवटच्या ओळीत सापडतं. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, अशी ती ओळ असते. जातमुचलका आरोपीने स्वतः लिहून द्यायचा, ते होऊन जातं. गाडी अडते ती जामीनदारापाशी. त्याचा सातबारा, तहसीलचा ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो, प्रतिज्ञापत्र असा सगळा गठ्ठा टेबलावर ठेवावा लागतो. मग विचारणा होते, आरोपी तुमचा कोण? ज्या घराच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या घरच्या बाईने सातबारा मागायला कुणाच्या दारात जायचं? गावातला बागायतदार बिचकतो, आणि त्याचंही चुकत नाही. पोरगा तारखेला आला नाही, तर मुचलक्याची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. उरतो तो पैसे घेऊन जामीन राहणारा भाडोत्री जामीनदार. पैसे त्याच्या हातात जातात आणि कर्ज पालावर येतं.

सोयरेधायरे असतात की. कुणी भीमेपलीकडे दौंडला, कुणी आष्टीला. पण दौंड पुणे जिल्ह्यात आणि आष्टी बीड जिल्ह्यात. बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं जातं. ही अडचण जुनीच आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. 1978 साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ही अट मोडीत काढली आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. या निकालाला चार दशकं उलटून गेली, तरी तो पालापर्यंत पोचलेला नाही.

पारध्यांच्या बाबतीत मला हे जास्त बोचतं, कारण त्यांची पहिली कैदच पत्त्यावरून सुरू झाली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 साली नव्याने आला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायचं तर परवानगी. हातून काही घडलेलं नसतानाही जन्मावरून पाळत. या जमातींना डांबून ठेवायच्या सोलापूरच्या सेटलमेंटला तर काटेरी तारांचं कुंपण होतं. देशभरातून हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. भटकतो म्हणून ज्याला तेव्हा डांबलं, त्याच्याकडेच आज सुटकेसाठी जमिनीचा उतारा मागतात. जामीनदाराची अट आरोपी तारखेला हजर राहावा एवढ्यासाठी आहे. बिऱ्हाड, बायकापोरं, शेळ्या इथेच असलेला माणूस पळून जाईल, हे गृहीत धरणं मला अन्यायाचं वाटतं. ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना सुप्रीम कोर्टानेही विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, अशी तंबी पोलिसांना दिली.

आता काष्टीकरांच्या कामाचं. 31 जानेवारी 2023 च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्देशांनुसार, जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पण महिना वाट पाहायची गरज नाही. अट बदलून जातमुचलक्यावर सोडावं किंवा रोख रक्कम भरून घ्यावी, असा अर्ज लगेच करता येतो. त्यासाठी वकील फुकट मिळतो. कोठडीतल्या कुणालाही तो हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. जाताना जामिनाच्या हुकमाची प्रत सोबत न्या.