झटका पकडणारा संगणक

वलगावहून मी अमरावतीला ईईजी काढायच्या कामावर जाते. रुग्णांना माझी पहिली सूचना ठरलेली: डोक्यावरून आंघोळ करून या, तेल लावू नका. तेलकट डोक्याला इलेक्ट्रोड धरत नाही. केस बाजूला सारून, कातडी हलकेच घासून, पेस्टने एकेक वायर चिकटवायची. मग मेंदूतली वीज पडद्यावर उमटू लागते. ती इतकी क्षीण असते, की पोराने जबडा आवळला किंवा पापणी लववली तरी सगळ्या रेघा विस्कटतात.

"याले झटका कवा येईन, सांगता येत नाई," मिरगी असलेल्या पोरांच्या आया म्हणतात. खरी अडचण हीच आहे. अर्ध्या तासाच्या तपासणीत झटका क्वचितच येतो, आणि मधल्या काळातला ईईजी साफ निघू शकतो. म्हणून मोठ्या केंद्रांत रुग्णाला कॅमेऱ्यासमोर ठेवून दिवसरात्र नोंद घेतात. ती सगळी नजरेखालून घालायला डॉक्टर कुठून पुरणार?

अमेरिकेत एमआयटीच्या अली शोएब आणि जॉन गुटॅग यांनी २०१० साली यावर मार्ग मांडला. एका मुलाचा झटका दुसऱ्याच्या साध्या लहरींसारखा दिसू शकतो, म्हणून त्यांनी प्रत्येक रुग्णाचे झटके आणि एरवीच्या लहरी संगणकाला वेगवेगळ्या शिकवल्या. लय कोणती आणि ती डोक्याच्या कोणत्या भागात, हे संगणक दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत पाहतो. १७३ पैकी ९६ टक्के झटके त्याने ओळखले, तेही साधारण ३ सेकंदांत. खोटा इशारा मात्र दिवसाला दोनदा. मला ही चूक चालण्यासारखी वाटते. संगणकाने जागा दाखवावी, निदान डॉक्टरने करावे.

पण वायरी लागल्याच नाहीत, तर संगणक काय करणार? ज्या वलगावात अंधश्रद्धेवर कोरडे ओढणाऱ्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ला देह ठेवला, त्याच्या आसपासच्या गावांतही मिरगीचे पोर आधी अंगाऱ्याला नेणारे आहेत, याचे मला फार वाईट वाटते. नीट उपचार मिळाले तर शंभरातल्या सत्तर जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा, ५ मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना गाठा. दुसऱ्या कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढावा, आणि ईईजीला येताना तो दाखवायला आणावा.