स्वतःचा धनी, स्वतःचाच नोकर

नोकरी करणाऱ्या गृहस्थाच्या पगारांतून भविष्यनिर्वाहनिधीची रक्कम, पैसा हातीं येण्यापूर्वींच कापली जाते. तिजबद्दल तो महिन्याच्या महिन्यास कुरकुरतो. परंतु हीच सक्तीची कपात पुढें त्याच्या म्हातारपणाची काठी होते. १९५२ सालच्या कायद्यानें कारखान्यांतील व कचेऱ्यांतील असंख्य नोकरांस हा आधार मिळाला. वकील, डॉक्टर, वैद्य, हिशेबतपासनीस, शिकवण्या घेणारे शिक्षक, घरीं बसून संगणकावर परदेशचें काम करणारे तरुण, फराळाचे जिन्नस करून विकणाऱ्या भगिनी, यांच्या मिळकतींतून मात्र कोणी कांहीं कापीत नाहीं आणि तींत कोणी भरही घालीत नाहीं. स्वतंत्र व्यवसाय करणारा मनुष्य स्वतःचा धनी असतो, हें खरें. परंतु तो स्वतःचाच नोकरही असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत उशिरां येते. धन्याचें कर्तव्य तो वेळेवर बजावील, तरच त्याच्यांतील नोकरास उतारवयांत सुखाचा घास मिळेल.

धन्याचें पहिलें कर्तव्य म्हणजे पगार ठरविणें. व्यवसायाची पेटी व घरची पेटी एकच असली, म्हणजे ज्या महिन्यांत पक्षकार अगर रोगी अधिक येतात, त्या महिन्यांत घरांत नवीं कपाटें येतात आणि ज्या महिन्यांत ते येत नाहींत, त्या महिन्यांत वाण्याची उधारी वाढते. यासाठीं बँकेंत दोन निरनिराळीं खातीं ठेवावीं. सर्व मिळकत व्यवसायाच्या खात्यांत जमा करावी आणि घरखर्चास दरमहा ठराविक रक्कमच घ्यावी. ही रक्कम ठरवितांना गेल्या तीन वर्षांपैकीं सर्वांत वाईट वर्षाचें निव्वळ उत्पन्न आधारास घ्यावें. चांगल्या वर्षाच्या भरंवशावर संसार मांडूं नये. शिवाय जमा झालेला प्रत्येक रुपया आपला नसतो. प्राप्तीवरील कराचा आगाऊ भरणा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या तारखांपर्यंत हप्त्यांनीं करावा लागतो. तेव्हां फी हातीं पडतांच कराचा अंश बाजूस काढणें शहाणपणाचें. अन्यथा मार्च महिना दरवर्षीं अरिष्टासारखा दारांत उभा राहतो.

यानंतर शिल्लक. नोकरदारानें तीन महिन्यांचा घरखर्च गांठीस ठेवला तरी कदाचित् चालेल. स्वतंत्र व्यावसायिकास वर्षभराचा खर्च जवळ हवा. याचें कारण २०२० सालानें सर्वांस दाखविलें. त्या वर्षीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. न्यायालयांचें नेहमींचें कामकाज थांबलें, शिकवण्या मोडल्या, कित्येकांची मिळकत एका दिवसांत शून्यावर आली. आणि त्याच सुमारास, २३ मार्चला, शेअरबाजाराचा निर्देशांक जानेवारींतील उच्चांकापासून शेंकडा ३५ हून अधिक खालीं आलेला होता. ज्यांची सारी पुंजी बाजारांत होती, त्यांस ती नेमकी पडत्या भावानें मोडावी लागली. व्यवसाय व बाजार हीं दोन्हीं एकाच वेळीं बुडूं शकतात, म्हणून ही शिल्लक बाजारांत कधींही ठेवूं नये. ती बँकेच्या ठेवींतच असावी. या बाबतींत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२० पासून बँकेंतील ठेवींस, एका ठेवीदारास एका बँकेमागें, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवींस तें नाहीं. अर्ध्या टक्क्याच्या अधिक व्याजासाठीं सारी शिल्लक ओळखीच्या पतसंस्थेंत ठेवणाऱ्यानें हा भेद नीट समजून घ्यावा.

तिसरी गोष्ट विम्याची. व्यावसायिकाचें सर्वांत मोठें भांडवल म्हणजे त्याचें शरीर. तें थांबलें कीं दुकान थांबलें. यास्तव कुटुंबाचा आजारपणाचा विमा प्रथम घ्यावा, आणि आयुष्याचा विमा घ्यावयाचा तो निव्वळ मुदतीचा घ्यावा. विमा आणि बचत यांची खिचडी करूं नये. तशा मिश्र विम्यांत हप्ता मोठा, संरक्षण थोडें आणि परतावाही बेताचाच असतो. १८७४ सालच्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यांत एक मोलाचें कलम आहे. पतीनें स्वतःच्या आयुष्याचा विमा त्या कायद्याखालीं पत्नीच्या व मुलांच्या हितासाठीं उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीं विश्वस्तनिधि ठरते आणि पतीच्या धनकोंस सामान्यतः तिजवर हक्क सांगतां येत नाहीं. ज्यानें व्यवसायासाठीं कर्ज काढिलें आहे, त्याच्या घरास या कलमाचा केवढा आधार आहे! मात्र विमा घेतांनाच तसें लिहून द्यावें लागतें.

एवढा पाया घातल्यावर मग गुंतवणूक. १९६८ साली सुरू झालेली सार्वजनिक भविष्यनिर्वाहनिधीची योजना म्हणजे नोकरी नसलेल्या मनुष्याचा जणू प्रॉव्हिडंट फंडच होय. तींत वर्षास किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये भरतां येतात. हप्ता बांधलेला नसल्यामुळें अनियमित मिळकतीच्या माणसास ती फार सोयीची आहे. मुदत १५ वर्षांची; पुढें पांच पांच वर्षें वाढवितां येते. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीस ठरवितें. एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत तो शेंकडा ७.१ होता. व्याजावर प्राप्तिकर नाहीं, आणि खातेदाराच्या खाजगी कर्जापायीं न्यायालयाच्या हुकुमानेंही या रकमेवर जप्ती येत नाहीं. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे भरल्यास त्या महिन्याचें व्याज मिळतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

परंतु महागाईच्या पुढें राहावयाचें, तर पुंजीचा कांहीं भाग उद्योगधंद्यांच्या भांडवलांतही असला पाहिजे. येथेंच सामान्य मनुष्य भांबावतो आणि सल्लागाराच्या हातीं सांपडतो. अमेरिकेंत जॉन बोगल या गृहस्थानें १९७६ सालीं एक साधा विचार व्यवहारांत आणला: कोणता शेअर वाढेल हें ओळखण्याच्या खटपटींत पैसा दवडण्यापेक्षां निर्देशांकांतील सर्वच कंपन्यांचे शेअर त्यांच्या त्यांच्या प्रमाणांत घ्यावे आणि खर्च अत्यल्प ठेवावा. त्याच्या निधीस १५ कोटी डॉलर मिळावे अशी अपेक्षा होती; मिळाले जेमतेम सव्वा कोटीच्या आंत. लोकांनीं थट्टा केली. पुढें तोच मार्ग जगभर मान्य झाला. आपल्याकडेही असे इंडेक्स फंड आहेत, आणि १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाच्या दलालीशिवाय थेट योजनेंत पैसे घालण्याची सोय प्रत्येक म्युच्युअल फंडास ठेवावी लागते.

खर्चांतला एक टक्का वाचला तर एवढें काय मोठें, असें कोणी म्हणेल. त्यानें पुढील हिशेब पाहावा. दरमहा १०,००० रुपये याप्रमाणें २५ वर्षें भरले, तर मुद्दल ३० लाख होतें. वर्षास शेंकडा १० प्रमाणें वाढ झाली असें उदाहरणादाखल धरिलें, तर सुमारें १ कोटी ३३ लाख होतात. ९ प्रमाणें सुमारें १ कोटी १२ लाख. म्हणजे एका टक्क्याच्या गळतींतून वीस लाखांहून अधिक रक्कम निघून जाते. मुद्दलाच्या जवळजवळ दोन तृतीयांश! बाजार किती वाढेल हें कोणाच्याच हातीं नाहीं. खर्च किती द्यावयाचा, हें मात्र आपल्या हातीं आहे. बाजारांत घातलेला पैसा निदान दहा वर्षें लागणार नाहीं, एवढी खात्री मात्र आधीं करून घ्यावी.

शेवटीं गृहिणींस उद्देशून दोन शब्द. घरांतील कर्ता पुरुष व्यवसायांत कितीही निष्णात असला, तरी त्याच्या कागदपत्रांचा ठावठिकाणा त्याच्या एकट्याच्याच डोक्यांत असेल, तर ती सारी व्यवस्था व्यर्थ होय. कोणत्या बँकेंत काय आहे, विम्याचा कागद कोठें आहे, कोणत्या खात्यावर कोणाचें नामनिर्देशन आहे, हें एका वहींत लिहून ठेवावें आणि वर्षांतून एकदां, पाडव्याच्या दिवशीं म्हणा अगर दसऱ्यास म्हणा, पतिपत्नींनीं ती वही एकत्र बसून वाचावी. व्यवसाय पत्नीचा असेल, तर हाच नियम पतीसही लागू आहे. नोकरदाराच्या मागें त्याची कचेरी चार कागद तरी शोधून देते. स्वतंत्र व्यावसायिकाच्या मागें ही वहीच काय ती बोलते.