मागच्या एक्सलचे तेल गळते? आधी ब्रेक पाहा

१९६० साली मद्रासला टॅफे आणि १९६३ साली महिंद्रांची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली. त्यांचे मॅसी १०३५ आणि बी-२७५ अजूनही कित्येक वावरांत राबताना दिसतात. यंत्र दणकट खरे, पण मागच्या चाकाच्या आतून तेलाचा ओघळ आला की आपण म्हणतो, "जुना आहे, थोडं गळायचंच." इथेच घात होतो. मॅसीसारख्या ट्रॅक्टरात ब्रेकचा ड्रम चाकाजवळच असतो. गळके तेल लायनरवर गेले की त्या बाजूचा ब्रेक धरत नाही. मागे उसाची भरलेली ट्रॉली असताना ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर एकीकडे ओढतो.

प्रथम खात्री करा. चाकांत पाणी भरले असेल तर ओल व्हॉल्व्हचीही असू शकते. जागा डिझेलने धुऊन कोरडी करा, ट्रॅक्टर तासभर चालवा आणि तेल नेमके कुठून येते ते पाहा.

मग सोपे उपाय आधी करा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून तेलाची पातळी पाहा. खुणेच्या वर असेल तर जास्तीचे काढा. ब्रीदर मातीने बुजला असेल तर तो साफ करा. आत दाब वाढला की चांगले सीलही गळते. हाउसिंगचे बोल्ट ढिले असतील तर आवळा.

एवढ्याने थांबले नाही, तर सील बदलावे लागेल. पुढच्या चाकांना दगड लावा, जॅकनंतर एक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून खाली हात घालू नका. पाणी भरलेले चाक फार जड असते, ते एकट्याने काढू नये.

जुन्या सीलवरचा नंबर पाहूनच नवे आणा. बेअरिंग ढिले असेल किंवा शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली असेल, तर नुसते नवे सील चार दिवसांत गळेल. आधी ते दुरुस्त करा. सीलची लिप तेलाच्या बाजूला ठेवा, तिला तेल लावा आणि सील सारख्या दाबाने बसवा. छिन्नीने कडेवर ठोकू नका. बेअरिंगची कॉलर व शिमचे काम माहितगार मिस्त्रीकडूनच करवून घ्या.

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन भागत नाही, ते बदला. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते, ती फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

तेल दुधासारखे पांढरे दिसले, तर आत पाणी शिरले असे समजा. धानाच्या चिखलात चालवलेल्या ट्रॅक्टरचे हे जरूर पाहावे.

शेवटी दोन्ही पेडल जोडून, ट्रॉलीशिवाय मोकळ्या जागी ब्रेकची परीक्षा घ्या. गळीत सुरू झाल्यावर ट्रॅक्टरला उसंत मिळत नाही, म्हणून हे काम पहिली ट्रॉली भरण्याआधीच उरका. सीलचा खर्च थोडा, रस्त्यावरचा जीव मात्र मोलाचा.